चाळीस तांबे

चाळीस तांबे सकाळी आणि चाळीस तांबे संध्याकाळी. हा आकडा आधी लिहून ठेवते, कारण त्या माणसाचा विषय निघाला की लोक पहिल्यांदा त्याच्या हुशारीबद्दल बोलतात. गावात अजून बोलतात. "काय डोकं होतं हो म्हाताऱ्याचं! गावात वीज नाही, नळ नाही, आणि घरात काचेची पेटी ठेवून सोनेरी मासे जगवले!" जगवले म्हणे. तांबे कुणी ओतले, ते विचारा की.

मी ओतले.

परवा नातवाकडे पनवेलला गेले होते. त्यानं बैठकीत माशांची पेटी आणलीय. आत मोटार, दिवा, बुडबुडे, सगळा थाट. जोडून द्यायला दुकानदार आला होता, तो नातसुनेला सांगत होता, "वहिनी, स्पंज धुवा, कोळसा बदला, पण सगळं एका दिवशी करू नका. आणि खालची वाळू नळाखाली धरून खसाखसा धुवायची नाही. तिच्यात बारीक जीव असतात, ते माशांची घाण खातात. ते गेले की मासे गेले." एवढंच. दोन मिनिटं लागली त्याला. एका बाईला, तिच्याच घरात, तिच्या तोंडाकडे बघून सांगितलं. माझ्या अंगाचा असा तिळपापड झाला की नातसून म्हणाली, "आजी, पाणी देऊ का?"

"पाण्याचं नाव काढू नकोस," मी म्हटलं.

तर आता सांगतेच. तो आमचा घरमालक. सगळे त्याला काका म्हणत, मीही म्हणे. हयातभर त्याला अहो-जाहो केलं, पदर सावरून बोलले. आता कागद माझा आहे, तेव्हा 'तो' म्हणणार.

आमचं गाव रेवसच्या धक्क्यापासून अर्ध्या तासाच्या चालीवर. तेव्हा जिल्ह्याला कुलाबा म्हणत. आमचे हे धक्क्यावर लाँचच्या तिकिटांच्या खिडकीत बसत. माझं सासर आत, डोंगराच्या पायथ्याशी. तिथं चौदा माणसं आणि एक चूल, आणि त्या चुलीपुढं माझा नंबर पाचवा. लग्नानंतर चार वर्षांनी ह्यांना ही दोन खोल्यांची जागा मिळाली तेव्हा मी पहिल्यांदा माझ्या स्वतःच्या चुलीवर भात ठेवला. पदरात दीड वर्षाची मुलगी होती. त्या दोन खोल्यांसाठी मी काहीही केलं असतं, आणि ते त्या माणसाला पहिल्याच दिवशी कळलं. भाड्याचं बोलणं झाल्यावर तो ह्यांना म्हणाला, "आणि तुमच्या मंडळींनी रोज दोन वेळा माशांचं पाणी फिरवायचं. माझा खांदा गेलाय."

तीस वर्षं तो आगबोटीवर होता. इंजिनखोलीत तेल घालणारा म्हणून चढला आणि ड्रायव्हर होऊन उतरला. उतरला म्हणायचं आपलं. पडवीला तो डेक म्हणे. माझ्या स्वयंपाकघरातून धूर आला की भिंतीवर ठोकून ओरडे, "बॉयलरमध्ये ओलं लाकूड घातलंस का गो!" सकाळी सहाला आणि दुपारी बाराला पितळी शिट्टी फुंके. का, तर पाळी बदलली. कुणाची पाळी? घरात तो एकटा. बायको कधीच वारलेली, मूलबाळ नाही. भर वैशाखात, अंगाची लाही होत असताना, गळ्याला लोकरीचा मफलर. विचारलं तर म्हणे, "इंजिनखोलीतून वर आलं की थंडी वाजतेच."

पेटी मुंबईच्या कुठल्यातरी साहेबाच्या बंगल्यातून आणलेली. लोखंडी चौकट, चार बाजूंना काच, फटींत डांबर. लाँचमधून आणताना मांडीवर धरून बसला होता म्हणे, स्वतःच्या लग्नात बायकोशेजारी बसला नसेल इतका चिकटून. आत सात मासे. त्यांना त्यानं जहाजावरचे हुद्दे दिले होते. सगळ्यांत मोठा तो कप्तान, मग सारंग, सुकाणी, तीन खलाशी, आणि सगळ्यांत लहान, शेपटी फाटलेला, तो भंडारी, म्हणजे जहाजावरचा स्वयंपाकी. पेटीसमोर पाटावर बसून हा रोज तळलेले बोंबील खायचा. आमची सुकटवाली पारूबाय एकदा म्हणाली, "काका, त्यांच्या म्होरं त्यांचं भावबंद खाताव, लाज न्हाय वाटत?" तर हा म्हणतो, "ते प्रवासी. हे माझे नोकर."

हसू येतं ना? मलाही यायचं. पण एक सांगते. माझ्या मुलीला ताप भरला, अंग असं चटके बसावेत इतकं तापलं, तेव्हा गावात ताप मोजायची नळी एकट्या त्याच्याकडे होती. आमचे हे ती मागायला गेले. तो म्हणाला, "आता कप्तानाच्या पाण्यात आहे. अर्ध्या तासानं न्या." अर्ध्या तासानं! त्या दिवसापासून मला त्याच्या गमतींवर मनापासून हसता आलं नाही.

आता ते पाणी फिरवणं काय होतं ते नीट सांगते, म्हणजे पुढचं कळेल. आमच्याकडच्या विहिरी मचूळ. गोड्या पाण्याची विहीर मैलभर लांब. पेटीतलं पाणी घाण झालं म्हणून रोज कोण बदलणार? म्हणून त्यानं एका उंच घडवंचीवर एकाखाली एक तीन मडकी बसवली होती, तिन्हींच्या बुडाला भोक. पेटीतलं पाणी तांब्यानं उपसून सगळ्यांत वरच्या मडक्यात ओतायचं. ते तिथून दुसऱ्यात ठिबकायचं, दुसऱ्यातून तिसऱ्यात, आणि तिसऱ्यातून पन्हळीनं परत पेटीत. तेच पाणी, पुन्हा पुन्हा. चार वर्षं तेच पाणी होतं त्यात, आटेल तेवढी भर फक्त आठवड्याला घालायची. आणि खरं सांगते, विहिरीपेक्षा स्वच्छ होतं.

पहिल्या मडक्यात काथ्या. दुसऱ्यात करवंटीचा कोळसा. तिसऱ्यात वाळू. काथ्या मी दर शनिवारी पिळून काढी. कोळसा तो दर महिन्याला बदली. वाळूचं मडकं मात्र इतकं जड की त्याच्या त्या खांद्यानं हलेना, म्हणून चार वर्षं ते जागचं हललं नव्हतं. हे लक्षात ठेवा.

संध्याकाळी पडवीत हेडमास्तर यायचे, पोस्टमास्तर यायचे. आले की ह्याचं सुरू. "एकाच्यानं होत नाही मास्तर, तिघं लागतात. काथ्या दिसणारा कचरा अडवतो. न दिसणारा, म्हणजे वास, रंग, तो कोळसा ओढून घेतो. आगबोटीवर बघा, तेलाला निराळी गाळणी, पाण्याला निराळी. कोळसा म्हणजे काय समजता तुम्ही!" मग अर्धा तास कोळसा. मी तिथंच, हातभर अंतरावर, तांबे ओतत उभी. एकदा हेडमास्तरांनी विचारलं, "आणि वाळू?" तर म्हणाला, "वाळू आपली शेवटाला असावी म्हणून. शोभेची."

मी सातवी पास. वर्गात पहिली यायचे. मला वाटलं, शोभेची म्हणजे काय? ती आत मडक्यात, कुणाला दिसत नाही, शोभा कुणाला? म्हणून विचारलं, "काका, मग वाळू काढून टाकली तर?"

त्यानं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. हेडमास्तरांकडे बघून हसला आणि म्हणाला, "तू तांबे मोज."

आणखी दोनदा विचारलं मी, निरनिराळ्या दिवशी. एकदा म्हणाला, "तुला काय करायचंय?" एकदा नुसती शिट्टी वाजवली. गावात कुणीही पुरुष यावा, पावसाला टेकायला आलेला वाटसरू असला तरी चालेल, त्याला हा सगळी यंत्रणा सांगे. आणि जिच्या हातानं ती यंत्रणा चालायची तिला सांगायला ह्याची जीभ झिजायची. त्या आगबोटीचं इंजिन मी होते हो! इंजिनाला कोण सांगतं, तू का फिरतंयस ते?

मग त्याच्या डोळ्यांत मोतीबिंदू पिकला. पाडव्याच्या चार दिवस आधी तो मुंबईला दवाखान्यात निघाला. लाँचपर्यंत गाडी सांगितली होती. गाडीत बसल्यावर मला म्हणाला, "तांबे चुकवायचे नाहीत. जवळ्याची पूड एक चिमूट. आणि मी नवे डोळे घेऊन येतोय, तेव्हा पेटी कशी आरशासारखी लखलखीत दिसली पाहिजे. शेवाळ बघायला नाही मी डोळे करून घेत."

लखलखीत. हा शब्द त्याचा. माझा नव्हे.

आमच्याकडे पाडव्याला घर कसं आवरतात? भांडी राखेनं घासायची, डबे उन्हात, अंथरुणं उन्हात. पाण्याचे माठ आतून चोथ्यानं घासून, कढत पाण्यानं विसळून, दोन दिवस पालथे उन्हात. आईनं शिकवलेलं: पाण्याच्या भांड्याला बुळबुळीतपणा राहिला तर ती बाई आळशी. मी स्वतःचे माठ केले, आणि मग म्हटलं, त्याची मडकी तरी का ठेवा? शेजारणीला हाताशी घेऊन ते वाळूचं मडकं खाली उतरवलं. आत हात घातला तर वाळू तपकिरी झालेली, चिकट, बोटांना बुळबुळीत लागणारी. शी! चार वर्षांची घाण, म्हटलं. नऊ पाण्यांनी धुतली. पाणी निवळ येईपर्यंत धुतली. वर कढत पाणी ओतलं. सुपांत पसरून दोन दिवस उन्हात ठेवली. काथ्या नवा, कोळसा नवा. काचा घासल्या. सगळं परत लावलं तेव्हा ती पेटी अशी चमकत होती की मीच दोन मिनिटं बघत बसले. माझी मुलगी काचेला नाक लावून हसली.

चौथ्या दिवशी पाणी दुधाळ झालं. मासे वर येऊन तोंडं उघडमीट करायला लागले. मी साठ तांबे ओतले. दुसऱ्या दिवशी ऐंशी. एका वेळेला ऐंशी! हात भरून आले, मुलगी रडत होती, भात लागला. सकाळी कप्तान उलटा तरंगत होता. मग सारंग. गोड्या विहिरीवरून चार हंडे आणून निम्मं पाणी बदललं, दुसऱ्या दिवशी पुन्हा चार. एक एक करत सहा गेले. उरला तो भंडारी, तो फाटक्या शेपटीचा. तोही वरच्या कोपऱ्यात तोंड लावून पडलेला. सहांना मी माडाच्या बुंध्याशी पुरलं. आळ्यात माती लोटताना रडले, हेही सांगते. कारण रोज ऐंशी तांब्यांचं नातं होतं माझं त्यांच्याशी, त्याच्या बोंबलांपेक्षा जवळचं.

पंचवीस दिवसांनी तो आला. डोळ्यांवर जाड काळा चष्मा. हेडमास्तर आणि पोस्टमास्तर भेटायला आलेले. तो कुणाशी बोलला नाही, सरळ पेटीकडे गेला, काचेला नाक टेकवलं.

"एकच दिसतोय. बाकीचे कुठं आहेत?"

"गेले," मी म्हटलं.

"गेले म्हणजे? लाँचनं गेले?"

"मेले काका. माडाखाली पुरले."

तो वळला. "काय घातलंस पाण्यात? सोडा? साबण?"

"काही नाही घातलं. पाडव्याला सगळं धुतलं. वाळूसुद्धा. तुम्हीच म्हणालात लखलखीत पाहिजे."

"धुण्यानं कधी मासे मरतात?" तो ओरडला. "जगात कुठं ऐकलंय, स्वच्छतेनं कुणी मेलं म्हणून? खोटं बोलू नकोस! तू तांबे ओतलेच नाहीस. मालक गेला आणि तुम्ही तंगड्या पसरून बसलात!"

मी ओतलेच नाहीत म्हणे. ऐंशी ऐंशी तांबे ओतून माझ्या बगलेत गाठ आली होती, आणि दोन परक्या पुरुषांदेखत मी खोटारडी आणि ऐतखाऊ. पोस्टमास्तर जमिनीकडे बघत होते. हेडमास्तर चष्मा पुसत होते.

"मग माझं काय चुकलं ते तरी सांगा," मी म्हटलं.

"बाईच्या हाती जहाज दिलं, हे माझं चुकलं," तो म्हणाला. आणि ह्यांच्याकडे वळून, "वैशाखी पौर्णिमेला खोल्या मोकळ्या पाहिजेत. तोवर तांबे ओतायचे, आणि माझ्यादेखत."

खोल्या मोकळ्या म्हणजे काय, ते मला एका क्षणात दिसलं. हे धक्क्यावर कुणाच्यातरी पडवीत झोपणार, आणि मी मुलीला घेऊन परत त्या चौदा माणसांच्या चुलीशी, पाचव्या नंबरला.

घरात आल्यावर हे म्हणाले, "तू गप्प राहा. मी बोलतो त्यांच्याशी. चूक झाली म्हणतो."

"कुठली?"

"आता कुठली काय! झाली असेल काहीतरी."

"काहीतरीची माफी मी मागणार नाही," मी म्हटलं. ह्यांनी डोक्याला हात लावला.

दुसऱ्या दिवसापासून तो काळा चष्मा लावून आरामखुर्चीत बसायचा आणि मी ओतायला लागले की मोठ्यानं मोजायचा. "एक. दोन. तीन." रस्त्यानं जाणाऱ्या बायका थांबून बघायच्या. चाळीस झाल्याशिवाय थांबायचा नाही. मी ओठ आवळून ओतत होते, आणि डोक्यात एकच घोळत होतं. हा म्हणतो धुण्यानं मरत नाहीत. मी म्हणते, धुण्याशिवाय मी दुसरं काही केलं नाही. म्हणजे ह्यालाही माहीत नाही! अर्धा अर्धा तास कोळसा सांगणाऱ्याला वाळूचं काही माहीत नाही. माहीत नव्हतं म्हणून 'शोभेची' म्हणाला होता.

गुरुवारी पारूबाय सुकट घेऊन आली. आगरी बाई, खाडीकाठच्या खारीत शेती, दाराशी पावसाच्या पाण्याचं तळं. त्या तळ्यात जिताडे मासे सोडून वाढवायचे, ही त्यांच्याकडची रीतच. तिनं माझं तोंड बघितलं आणि टोपली उतरवली. मी सगळं सांगितलं. वाळू धुतली म्हणाले, तर तिनं कपाळाला हात मारला.

"अगो बाय माजे! वालू धुतलीस? आनि वर ऊन पानी?"

"मग काय झालं? घाण होती."

"घान कनाची? गाल व्हता तो! आमच्या तल्याचा गाल आमी कंदी धुवून काडत न्हाय. नवा तला खनला ना, त पयला जुन्या तल्याचा पाटीभर गाल आनून त्यान टाकतंव. मंग पानी. मंग जिताडं. गाल न्हाय त मासा आठ दिस न्हाय जगत."

"गाळ? का पण?"

"ते कुनाला ठावं? माजा आजा टाकायचा, बापूस टाकायचा. गालाशिवाय पानी उपाशी ऱ्हातं, म्हनायचा आजा." मग पडवीकडे मान वळवून हळूच म्हणाली, "त्या बोटवाल्याला एवढा पन कलत न्हाय?"

मी मुलीला कडेवर घेतलं आणि तशीच तिच्याबरोबर गेले. तळ्याच्या काठाशी बसून पाण्यात हात घातला, तळाची रेती मुठीत घेतली. तपकिरी. चिकट. बोटांना बुळबुळीत. वास मातीचा, कुजका नाही. तीच! मी नऊ पाण्यांनी धुऊन टाकलेली तीच. बोटांनी ओळखली मी ती, आधी बोटांनी आणि मग डोक्यानं.

पाटीभर गाळ डोक्यावर घेऊन गावातून आले. विहिरीवरच्या बायका म्हणाल्या, "काय गं, आता पाण्याऐवजी चिखल भरायला लागलीस?" दुपारी तो डोळ्यांत औषध घालून निजला होता. तेवढ्यात तिसऱ्या मडक्यातली वाळू अर्धी उपसून हा गाळ खाली घातला, वर परत वाळू. तो एक भंडारी उरलेला, तो गेला असता तर मला तोंड दाखवायला जागा नव्हती. पारूच्या तळ्यातले बोटभर, मातकट रंगाचे पाच मासेही आणले आणि पेटीत सोडले. काळ्या चष्म्यातून त्याला ते दिसणार नव्हते.

दोन दिवस पाणी गढूळ. हेडमास्तर म्हणाले, "काका, पाणी मातकट दिसतंय." तो म्हणाला, "बाईच्या हातचं." तिसऱ्या दिवशी निवळलं. आठवड्याभरानं दुधाळपणा पार गेला. आणि एका सकाळी भंडारी वरचा कोपरा सोडून खाली आला आणि तळाशी काहीतरी वेचायला लागला. मी अकरावा तांबा हातात घेऊन तशीच उभी राहिले. मागून आवाज आला, "अकरा! झोप लागली काय?"

पौर्णिमेला दोन दिवस होते. संध्याकाळी तिघंही पडवीत. मी तांबा घेऊन आले तर ह्याचं चाललं होतं, "बघा मास्तर, भंडारी कसा पळतोय. काय बदललं? काही नाही! मी समोर बसलो, चाळीस मोजून घेतले, आणि जहाज चालू लागलं. म्हणजे माझ्यामागं ही ओततच नव्हती. सिद्ध झालं की नाही?"

सिद्ध झालं!

मी तांबा जमिनीवर ठेवला. ठेवला म्हणजे आपटलाच, त्याला पोचा आला तो शेवटपर्यंत होता. घडवंचीपाशी गेले, तिसऱ्या मडक्यात कोपरापर्यंत हात घातला आणि खालचा मूठभर चिकट गाळ काढून त्याच्या पुढ्यातल्या तिवईवर, हेडमास्तरांच्या वर्तमानपत्रावर, थापला. पोस्टमास्तरांनी धोतर सावरलं.

"हे बदललं," मी म्हटलं. "तुम्ही चार वर्षं वाळू धुतली नाहीत, कारण तुम्हाला मडकं उचलवत नव्हतं. म्हणून मासे जगले. मी धुतली, म्हणून मेले. मग पारूच्या तळ्यातून हा गाळ आणून घातला, म्हणून हा जगला. आणि नीट डोळे फाडून बघा, आत आणखी पाच आहेत. पंधरा दिवस आहेत. मी तीनदा विचारलं होतं तुम्हाला, काका, वाळू कशाला. तीनदा! माहीत नाही म्हणाला असतात तर मी हात लावला नसता तिला. तेवढा एक शब्द तुमच्या तोंडून निघाला नाही, आणि सहा जीव गेले. खोटारडी मी?"

हेडमास्तर वाकून गाळाकडे बघत होते. मग म्हणाले, "काका, बाईंचं पटतंय मला. ह्यात काहीतरी जिवंत असणार. कढत पाण्यानं तेच मेलं." आणि माझ्याकडे वळून, पहिल्यांदाच माझ्याकडे बघून, विचारलं, "किती दिवसांनी निवळलं पाणी?"

तो मात्र खुर्चीतून पुढं वाकला. मग त्यानं दोन बोटांनी चिमूटभर गाळ उचलला, बोटांत चोळला, नाकाशी नेला, पुन्हा चोळला. तीस वर्षं इंजिनाचं तेल असंच बघितलं असेल.

"वंगण," तो पुटपुटला. "वंगणासारखं लागतंय."

बस. इतकंच. ना 'चुकलो', ना 'उगाच बोललो', काही नाही. पुढं वर्षानुवर्षं तो पडवीत सांगायचा, "कचऱ्याला काथ्या, वासाला कोळसा, आणि तिसरं वंगण, मास्तर, तिसरं वंगण महत्त्वाचं!" जणू आगबोटीवरनंच घेऊन आला होता. माझं नाव नाही, पारूचं नाही. म्हणून राग जात नाही हो माझा. मेलेल्या माणसावर रागावू नये म्हणतात. मी रागावते.

त्या संध्याकाळी त्यानं बोटं मफलरला पुसली आणि म्हणाला, "चला, तांब्यांची वेळ झाली."

"झाली असेल," मी म्हटलं. "मी ओतत नाही म्हणालात ना? आज खरंच नाही ओतत."

आणि आत आले. चुलीपुढं बसले. हात गाळानं माखलेले. मनात आलं, झालं, उद्या सकाळी बिऱ्हाड बाहेर. थोड्या वेळानं हे धक्क्यावरून आले. पडवीतून त्याचा आवाज आला, ह्यांच्याशी बोलत होता, "परवा कौलं शाकारायला माणूस येतोय. तुमच्या बाजूचीही करून घेतो. मागच्या पावसात चुलीवर गळत होतं ना?"

हे आत आले ते बावरून. "अगं, पौर्णिमेचं काही बोललेच नाहीत. कौलं शाकारतायत म्हणे आपली. तू माफी मागितलीस की काय?"

"बसा," मी म्हटलं. "भात होतोय."

तेवढ्यात भिंतीपलीकडून तांबा पाण्यात बुडाल्याचा आवाज आला, आणि मग वरच्या मडक्यात पाणी पडल्याचा.

"एक," तो म्हणाला. त्याची सवय ती. एकटा असला तरी मोठ्यानं मोजणार.

दहापर्यंत बरा चालला. पंधरानंतर धाप ऐकू यायला लागली. खांदा खरंच गेलेला होता त्याचा, ते काही ढोंग नव्हतं. "वीस." मग बराच वेळ काही नाही. "एकवीस." "बावीस." आणि थांबला. तांबा काठावर टेकल्याचा आवाज आला. खुर्ची करकरली.

हे म्हणाले, "अगं, ऊठ ना. म्हातारा दमला."

"दमू दे."

भाताला कढ आला होता. मी झाकण तिरकं केलं, लाकूड जरा मागं ओढलं. मुलगी मांडीवर येऊन बसली. मी उठले नाही. भाताचं पाणी आटलं, झाकणावर दोन निखारे ठेवले, आणि मग कुठं भिंतीपलीकडून आलं,

"तेवीस."